बेचाळीस मिलिग्रॅम

सेमाफोर, ॲडलेड
३ मार्च २०२३

प्रिय लिओनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून चालतो. एकोणीस वर्षं झाली. तुझा पत्ता कमिन्सच्या पोस्टातल्या बाईंनी दिला. फोनवर म्हणाल्या, "लिओनी फिट्झनर ना? धान्याच्या कोठारावर असते की! ट्रक तोलते. नुसतं नाव टाका, पोचतं."

ट्रक तोलते. ते ऐकून मी धक्क्यावर जाऊन बसलो. समुद्र पार आत ओसरला होता, वाळूवर दोन म्हातारे खेकडे शोधत होते. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांमध्ये सर्वांत हलका हात तुझा. तराजूचं काचेचं दार लावताना तू श्वाससुद्धा रोखून धरायचीस.

निमित्त असं, की ५ मे रोजी रसायनशास्त्राच्या नव्या प्रयोगशाळेला माझं नाव देणार आहेत. विभागप्रमुख कोरिन हॉल्डेन म्हणाला, "आल्विन, कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी द्या." कोरिनला तू पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर चार वर्षांनी तो आला. यादीत पहिलं नाव तुझं लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

मला आपल्या प्रयोगशाळेचं ते तळघर फार आठवतं. फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यातला तो दिवस आठवतो का? बाहेर त्रेचाळीस अंश, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि तू हातात काचेची बशी घेऊन पळत आलीस. "आल्विन, बघा! दिसतं मिठासारखं आणि आत नुसती पोकळी!" चिमूटभर भुकटी. तिच्यातली सगळी छिद्रं उलगडून अंथरली तर टेनिसची तीन मैदानं झाकतील, असलं ते द्रव्य. मी म्हणालो, माणसाचं मनही असंच असतं, आणि एक कविता सुरू केली. तू म्हणालीस, "कविता नंतर. आधी पंप लावा." गॅसची सिलिंडरं सांभाळणारा आपला मर्व्ह ट्रेगिल्गस ओरडला, "अगं, पंप त्यालाच लाव! आतून नुसत्या ओळी निघतील."

मर्व्ह गेला. तुला कळलं असेलच.

पुढे जे झालं, त्यात दोघांच्याही हातून काही गोष्टी राहून गेल्या. या वयात मन मागेच धावतं, आणि मागे गेलं की ते तळघरच लागतं. ये. तुझी खुर्ची राखून ठेवतो.

आल्विन ट्रेस्ट्रेल


२४ मार्च

प्रिय लिओनी,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला कोठारांचं चित्र, मागे दोन ओळी: "आमंत्रण नको. तुम्हाला आता आठवतंय का, तेवढं कळवा."

आठवणीचं म्हणशील तर पोर्ट पिरीची शाळा मला बाकासकट आठवते. शिसं वितळवणाऱ्या कारखान्याची धूळ खिडकीत साचायची. वडील त्याच कारखान्यात होते. मिस पेनहेल आम्हाला हात मागे बांधून उभं करायच्या आणि कविता म्हणून घ्यायच्या. दीपगृहाच्या रखवालदाराची चौदा कडव्यांची कविता मी सातव्या वर्षी पाठ केली, ती अजून आहे. एकाच रात्री तो दिवा लावायचा राहतो.

दिवा न लावला ज्या राती
ती रात अजून सरेना

पुस्तकात कवीचं नाव नव्हतं. मिस पेनहेल त्या कविता वहीत उतरवायला लावायच्या आणि म्हणायच्या, एक वही, एक अक्षर. तोच नियम मी प्रयोगशाळेत आणला, तुला ठाऊक आहे. एक द्रव्य, एक वही, एक अक्षर. मोजलं कुणीही असो, वहीत लिहायचं ते ज्याचं द्रव्य त्यानंच. बाहेरून आलेले लोक हसायचे. मला मात्र त्या वह्यांचा अभिमान होता, सुबक, एकाच हातच्या.

तू एक विचारतेस आणि मी शाळेचं सांगत बसलो.

जून २००४. समोर चौकशीची तीन माणसं, मध्ये पाण्याचा जग. परदेशात चार ठिकाणी आपलं द्रव्य तयार करून पाहिलं होतं. पोकळीचा आपण छापलेला आकडा त्यांच्या दीडपट होता, आणि तो कुणालाही मिळत नव्हता. त्यांनी वही उघडली.

"हे अक्षर तुमचं?"

तू म्हणालीस, "अक्षर माझं. आकडा आल्विननी दिला. मी तेव्हा गावी होते."

तिघेही माझ्याकडे वळले. तूही वळलीस. मी म्हणालो, "मला तसं आठवत नाही."

आता आठवतं. गेल्या वर्षी खोली आवरताना कवितांच्या जुन्या वहीत एक चिठ्ठी सापडली, माझ्या हातची. नोव्हेंबर २००१ ची. ऐन सुगीत तुझे वडील मळणीयंत्रावरून पडले आणि तू दहा दिवस घरी गेलीस. द्रव्य तयार होतं, मला दम निघेना. रिकामी काचनळी मीच तोलली, तिच्यात भुकटी भरली, पंपाला लावून तापवली. छिद्रांतलं सगळं बाहेर निघालं की नळीत नायट्रोजन सोडून पुन्हा तोलायचं, ही आपली रीत. नायट्रोजनचं वजन जवळपास हवेइतकंच, म्हणून. पण नायट्रोजन संपला होता. मी हेलियम सोडला. तो हवेपेक्षा कितीतरी हलका. नळीचंच वजन त्यानं एकवीस मिलिग्रॅमनं उतरलं, आणि ती घट मी भुकटीचीच धरली. भुकटी होती त्रेसष्ट मिलिग्रॅम, मी चिठ्ठीवर लिहिलं बेचाळीस. कमी भुकटीत तेवढीच पोकळी, म्हणून जगातला सर्वांत मोठा आकडा.

तू परत आलीस, मी चिठ्ठी वाचून दाखवली, तू नियमाप्रमाणे वहीत उतरवलंस.

त्या तिघांसमोर मला खरंच काही सुचलं नाही, लिओनी. चिठ्ठी तेव्हा हाताशी नव्हती.

आल्विन


९ एप्रिल, ईस्टरचा रविवार

प्रिय लिओनी,

तुझं पानभर पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस, हा एकवीस मिलिग्रॅमचा घोळ तुला २००९ च्या सुगीतच कळला होता. त्या दिवशी एक शेतकरी तुझ्या खिडकीशी येऊन ओरडत होता, "लिओनी, माझा गहू नव्वद किलो कमी भरला! काटा चोर आहे तुझा!" तू म्हणालीस, "काटा चोर नाही, तुझा ड्रायव्हर जाडा आहे. भरलेला ट्रक तोलला तेव्हा हा बाबा खाली उभा राहून सिगरेट ओढत होता. रिकामा तोलला तेव्हा आत चढून बसला. हवं तर त्यालाच गव्हात धर!" सगळे हसले, तूही हसलीस, आणि हसता हसता थांबलीस. पुढे तू लिहिलंयस: "ड्रायव्हर उतरला होता. आपल्या नळीतून हवा उतरली होती."

आणि मग शेवटची ओळ: "मर्व्हच्या मातीला मी आले होते. त्यानं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, असं त्याची बायको म्हणाली. म्हणून पुन्हा विचारते. आठवतंय का?"

हो. आठवतं. कधीच विसरलो नव्हतो. चिठ्ठी गेल्या वर्षी सापडली हेही खोटं. ती मीच त्या वहीत ठेवली होती.

फेब्रुवारी २००२, चहाची खोली. मर्व्ह खिमा भरलेली पास्टी खात होता.

"काय प्रोफेसर, नोव्हेंबरात पंधरा दिवस नायट्रोजन नव्हता. नळीत भरलंस काय? फुंकर मारलीस?"

"हेलियम."

"आणि रिकामी नळी तोलली तेव्हा आत?"

"हवा."

त्यानं पास्टी खाली ठेवली. "अरे देवा. म्हणजे तुझा विक्रम हवेत गेला की."

"मर्व्ह, लेख छापून आलाय."

"छापलेलं मागे घेता येतं. पोरीला आधी सांग."

"सांगतो."

मी सांगितलं नाही. त्या आकड्यावर मला खुर्ची मिळणार होती. त्यावर बारा माणसांचं काम उभं राहणार होतं, आणि खरं सांगायचं तर ती बारा माणसं मला नंतर आठवली, आधी खुर्ची. सव्वादोन वर्षं मी तुला तेच मोजायला लावलं. एकेचाळीस वेळा. एकेचाळीस वेळा तुझ्या हातून खरा आकडा आला, आणि दर वेळी मी म्हणालो, "पुन्हा कर. हात बसला नाही तुझा." तेहतिसाव्या खेपेला तू नळी हातात धरून रडायला लागलीस. मी तुला चहा आणून दिला आणि कविता म्हटली.

चौकशीनंतर लेख तसाच राहिला, खाली बारीक टिपांत एक ओळ आली: विद्यार्थिनीच्या नोंदी भरवशाच्या नाहीत. तुझी डॉक्टरेट गेली. मर्व्ह त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी फक्त सिलिंडरांविषयी बोलला.

पहिल्या पत्रात मी "दोघांच्याही हातून" असं लिहिलं होतं. ते शब्द खोडून टाक.

तू लिहितेस, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. लोकांना सांगा." सांगतो. ५ मेला, व्यासपीठावरून. चिठ्ठी कोटाच्या खिशात असेल. तू मागे बस, बोलू नकोस, नुसती ऐक.

आल्विन


७ मे

लिओनी,

तू आलीस. निळा कोट, शेवटची रांग, दाराजवळ. केस पांढरे झालेत. मी तुला मानेवरून ओळखलं, तराजूवर वाकायचीस तशीच ती पुढे होती.

कोरिननं माझी खूप स्तुती केली. मग मला उभं केलं. मी खिशात हात घातला, चिठ्ठी बोटांना लागली. म्हणालो, "आधी एक गोष्ट सांगायची आहे. २००१ चा नोव्हेंबर होता, आणि नायट्रोजन संपला होता." लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. पहिल्या रांगेत नवी मुलं बसली होती, बावीस-तेवीसची, सगळी तोंड वर करून. मागून कुणीतरी ओरडलं, "आल्विन, दीपगृह! दीपगृह होऊन जाऊ दे!"

माझे हात आपोआप मागे गेले. सात वर्षांच्या मुलासारखे. आणि तोंडातून पहिलं कडवं आलं.

चौदाही कडवी म्हटली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तू उभी राहिली नाहीस, म्हणून मला दिसेनाशी झालीस. ते सगळे बसले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

कमिन्सहून सात तासांचा रस्ता. तू तेवढ्यासाठी आली होतीस.

आ.


१८ जून

प्रिय लिओनी,

तुझ्या कार्डावर या वेळी एकच वाक्य होतं. "कविता छान म्हटलीत, एक शब्दही विसरला नाहीत." ते मी स्वयंपाकघरात किटलीच्या वर लावून ठेवलं आहे, रोज दिसावं म्हणून.

मी कोरिनकडे गेलो. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, हवा, हेलियम, एकवीस, बेचाळीस. त्यानं उठून दार लावून घेतलं.

"आल्विन, बावीस वर्षांपूर्वी नळीत कोणता वायू होता हे तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"गेल्या मंगळवारी तुम्ही इथेच, याच खुर्चीत बसून मला हे सगळं सांगून गेलात. ते आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

तो खोटं बोलत नव्हता. डोळे ओले होते त्याचे. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "वर चाळीस पोरं काम करतायत. तुमच्या नावावर पैसा येतो, घरभाडी भरतात त्यावर. तुम्ही डॉक्टरला दाखवा आधी. ही चिठ्ठी राहू द्या माझ्याकडे, मी बघतो काय ते." हात पुढे केला त्यानं. मी चिठ्ठी उचलली आणि निघालो. कुठे ठेवली ते घरी आल्यावर अर्धा तास सापडेना. बुटात होती.

डॉक्टर बाई तरुण आहेत. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, मी काढलं, काटे एकाच बाजूला गेले. तीन शब्द दिले, पाच मिनिटांनी विचारले, एकही सांगता आला नाही. मग मी त्यांना दीपगृह म्हणून दाखवलं, अख्खं. त्या म्हणाल्या, "हे राहील. शाळेतलं सगळ्यात शेवटी जातं."

मी विचारलं, "आणि २००१?"

"ते त्याच्या आधी जाईल."

"किती दिवस आहेत?"

"दिवस नाही, महिने म्हणा. कमी-जास्त होतं."

घरी येताना बसमध्ये एकच विचार होता. उद्या कुणी मला समोर बसवून विचारलं, तर मी म्हणेन, मला तसं आठवत नाही. आणि तेव्हा ते खरं असेल. मग जगात हे ठाऊक असलेली तू एकटी उरशील, आणि तुझ्या नोंदी भरवशाच्या नाहीत असं छापून ठेवलेलं आहे.

आल्विन


११ ऑगस्ट

प्रिय लिओनी,

लेख ज्या नियतकालिकात आला होता त्यांना मी जुलैत सविस्तर लिहिलं. त्यांनी विभागाला विचारलं. विभागानं डॉक्टरांचं पत्र पाठवलं. नियतकालिकाचं उत्तर काल आलं, फार सभ्य आहे. लेखकाच्या प्रकृतीचा विचार करता प्रकरण पुढे नेता येत नाही, आणि मला उत्तम आरोग्य चिंतलं आहे.

तुझ्याकडून जूननंतर काही आलेलं नाही. आलं असेल आणि मी विसरलो असेन, म्हणून पत्रपेटीजवळ वही टांगली आहे, टपाल आलं की लिहितो. तिच्यात तुझं नाव नाही.

काल सकाळी मी सेमाफोरच्या वाचनालयात गेलो. तिथे दर गुरुवारी शपथपत्रांवर सही करणाऱ्या बाई बसतात. मी दोन पानं लिहून नेली होती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे सगळं शपथेवर सांगताय ना? आज वार कोणता, आजोबा?"

"गुरुवार. दहा ऑगस्ट. आणि मला आजोबा म्हणू नका, नातवंडं नाहीत मला."

त्या हसल्या आणि शिक्का मारला.

ती दोन पानं या पाकिटात आहेत. त्यांत ते तेहतिसाव्या वेळचं रडणंही आहे, मर्व्हची पास्टीही आहे, पाण्याचा जगही आहे. सोबत मूळ चिठ्ठी आहे. नक्कल नाही, मूळ. एकवीस नोव्हेंबर २००१, बेचाळीस मिलिग्रॅम, खाली "हेलियम" आणि माझी सही. माझ्याजवळ ती राहिली तर बुटात जाईल, नाहीतर चुलीत, किंवा एखाद्या दिवशी मीच म्हणेन हा कसला कागद. कोरिनलाही दिली नाही. ती तुझ्याजवळ असावी.

तू ती दाखव, जाळ, कोठाराच्या काट्याखाली ठेव. मी विचारणार नाही. क्षमा मागत नाही. तू केलीस तरी ती माझ्याजवळ टिकायची नाही.

प्रयोगशाळेच्या दारावर माझ्या नावाची पाटी अजून आहे. परवा तिच्यासमोर उभा होतो, तर एक मुलगी थांबून म्हणाली, "आजोबा, कुणाला शोधताय?" मी म्हणालो, लिओनी फिट्झनर. तिनं फोनवर यादी पाहिली आणि म्हणाली, "या नावाचं इथे कुणी नाही."

दाखवायचं ठरवलंस तर पुन्हा तीन माणसं बसतील, मध्ये पाण्याचा जग असेल. मला आणून बसवतील. मी कदाचित तुला ओळखणार नाही, कविता म्हणायला लागेन. म्हणू दे. तू फक्त तो कागद त्यांच्यापुढे सरकव आणि तुला विचारला होता तोच प्रश्न त्यांना विचारू दे, हे अक्षर कुणाचं.

या वेळी कुणाच्याच आठवणीवर काही अवलंबून नाही. अक्षर माझं आहे.

आल्विन ट्रेस्ट्रेल